डोमेनची किंमत सांगणाऱ्या टूल्सवर किती विश्वास ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘हापूस’ला एक साधा इंग्रजी शब्द जोडून घेतलेलं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याकडे काही वर्षांपासून पडून आहे. एक टूल त्याची किंमत २,३०० डॉलर सांगतं, दुसरं १४० डॉलर. रत्नागिरीचे एक आंबा व्यापारी ४०,००० रुपये द्यायला तयार आहेत. टूलचं ऐकून थांबावं का, की देऊन टाकावं?

उत्तर आधीच सांगतो. त्या दोन्ही आकड्यांवरून हा निर्णय घेऊ नका. डोमेनची खरेदी-विक्री मी बरीच वर्षं करतोय आणि ही टूल्स रोज वापरतो, तेव्हा ती टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. पण ती ज्या कामाची आहेत ते काम वेगळं आहे. तुमच्या नावासारख्या नावांच्या बाबतीत तर त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही.

एस्टिबॉट घ्या, गोडॅडीचं टूल घ्या, पद्धत साधारण एकच. नावाची लांबी किती, एक्स्टेंशन (डॉट कॉमसारखं शेपूट) कुठलं, त्यातले शब्द ओळखीचे आहेत का, ते शब्द महिन्याला किती जण शोधतात, त्यांच्यावरच्या जाहिरातीला एका क्लिकचा भाव काय, हेच नाव दुसऱ्या एक्स्टेंशनमध्ये कुणी घेतलंय का, आणि मिळतीजुळती नावं आधी कितीला विकली गेली. हे सगळं मॉडेलमध्ये घालून एक आकडा बाहेर येतो. दोन रोजच्या इंग्रजी शब्दांचं डॉट कॉम असेल तर हा आकडा बऱ्यापैकी वाटेवर असतो, कारण तशा नावांचे व्यवहार भरपूर नोंदले गेलेत.

आता तुमचं नाव बघा. रोमन लिपीत ते एच-ए-पी-यू-एस असं सुरू होतं असं धरतो. नेमकी हीच अक्षरं इंडोनेशियात रोजच्या वापरातलं क्रियापद आहेत, अर्थ ‘पुसून टाकणे’, फोनच्या भाषेत ‘डिलीट करणे’. सत्तावीस कोटींहून जास्त लोकवस्तीचा देश. अकाउंट कसं डिलीट करायचं, चॅट कसं उडवायचं, हे शोधणारी माणसं तिथे वर्षभर असतात. टूलने शोधांची संख्या देशवार वेगळी काढली नसेल, तर ते सगळे शोध तुमच्या आंब्याच्या खात्यावर जमा होतात. माझ्या मते २,३०० चा आकडा बहुधा तिथूनच आलाय. दुसऱ्या टूलला हा शब्द इंग्रजी शब्दकोशात सापडला नसेल, त्याने नुसती अक्षरं मोजली आणि १४० वर थांबलं. हापूस हा मार्च ते मेचा धंदा आहे, हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे हे नाव बिनघोर वापरू शकेल असा गिऱ्हाईक मुख्यतः तिथलाच असणार, हेही नाही. आणि हाच शब्द कुणी एका ‘यू’ने लिहितं, कुणी दोन ‘ओ’ने, कुणी सुरुवातीला दोन ‘ए’ घालतं. फोनवर सांगितलेलं नाव समोरच्याला एका फटक्यात टाइप करता येतं का, हे आमच्या धंद्यात सगळ्यात आधी बघतात. मराठी नावांत भाव पडतो तो इथेच.

देवनागरीतल्या नावांची गत आणखी वाईट. डॉट भारत २०१४ पासून आहे, पण देवनागरी नाव यंत्रणेच्या आत ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन ओळीत साठवलं जातं. टूलने ते उलगडून वाचलं नाही, तर ‘पुस्तक’ आणि ‘पैठणी’ त्याला सारखेच अगम्य.

जुन्या व्यवहारांवर आधारलेल्या अंदाजात अजून एक खोट आहे, आणि ती इंग्रजी नावांनाही लागू पडते. नेमबायोसारख्या, डोमेनच्या जुन्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या साइटवर दिसतात ती विकली गेलेली नावं. वर्षानुवर्षं पैसे भरून रिन्यू केलेली आणि कुणी कधी विचारलीही नाहीत अशी नावं त्या यादीत येतच नाहीत, आणि संख्येने तीच कितीतरी जास्त. त्यामुळे टूल जेव्हा २,३०० म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘विकलं गेलंच, तर कदाचित’ एवढाच घ्यायचा. विकलं जाण्याची शक्यता त्यात धरलेलीच नसते. गुंतवणूकदार दुसऱ्या गुंतवणूकदाराला देतो तो भाव आणि ज्याला त्या नावावर दुकान चालवायचंय तो देतो तो भाव, यांत दहापटीचा फरक सहज पडतो. टूल मात्र एकच आकडा देतं.

वरच्या टोकाला तर अंदाज नावाची गोष्टच उरत नाही. २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ‘ब्लॉक डॉट वन’ या कंपनीला ३ कोटी डॉलरला विकलं. घेणाऱ्या कंपनीला नेमकं तेच नाव हवं होतं, हातात पैसा होता, आणि विकणाऱ्याला घाई नव्हती. किंमत या तीन गोष्टींनी ठरली. सरकारी रेडी रेकनर आणि प्रत्यक्ष प्लॉटचा सौदा यांत जेवढं अंतर असतं, तेवढंच इथे आहे. शेजारच्याला तोच तुकडा हवा असेल तर रेडी रेकनर कोण बघतो?

बाजार वळला की टूल मागे पडतं, हेही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि अँग्विला या छोट्याशा बेटाच्या डॉट एआयला एकदम मागणी आली. मॉडेल जुन्या विक्रीवर शिकलेलं, त्याला हे उशिराच कळणार. उलट २०२१ च्या शेवटी ‘मेटाव्हर्स’ घातलेली नावं ज्यांनी चढ्या भावात घेतली, त्यांना पुढे गिऱ्हाईक शोधावं लागलं.

ब्रँडच्या जवळ जाणाऱ्या नावांबद्दल एवढंच: टूल अशा नावालाही चांगला भाव दाखवू शकतं, कारण शोध भरपूर असतात. कोर्ट तसं बघत नाही. रेडिफने स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून घेतलेल्या नावाविरुद्ध दावा केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला होता.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. ‘आम्हाला तुमचं डोमेन घ्यायचंय, १२,००० डॉलर देऊ, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं सर्टिफिकेट आणा’ असा मेल आला तर उत्तरच देऊ नका. कोल्हापूरच्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना असाच मेल आला. ऑफर मोठी, भाषा सभ्य, आणि सर्टिफिकेटची फी त्या मानाने किरकोळ. त्यांनी ती भरली, सर्टिफिकेटवर ऑफरपेक्षाही मोठा आकडा छापून आला, आणि खरेदीदार गायब. सर्टिफिकेट विकणारा आणि खरेदीदार एकच असतो. खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्या सर्टिफिकेटशी काही देणंघेणं नसतं.

मी टूल वापरतो ते चाळणी म्हणून. मुदत संपणाऱ्या हजारो नावांतून शंभर वेगळी काढायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. त्या शंभरांतून चार निवडायला मात्र स्वतः बसावं लागतं: हे नाव किंवा याच्या जवळचं नाव वापरणारे किती धंदे आहेत, त्यांच्यापैकी कोण लांबलचक किंवा हायफनचं डोमेन घेऊन बसलंय, हे फोन लावून, गुगल करून बघावं लागतं.

तुमच्या बाबतीत रत्नागिरीचे व्यापारी हे स्वतः धंदा करणारे गिऱ्हाईक आहेत आणि ते आपणहून आलेत. अशी संधी एका नावाला अनेकदा एकदाही मिळत नाही. मी असतो तर टूलचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवला नसता, कारण ते दुसऱ्या टूलचा १४० वाला पाठवतील. शांतपणे ६०,००० सांगितले असते आणि ५०,००० च्या आसपास आनंदाने दिलं असतं. चाळीसच्या वर ते हललेच नाहीत, तरी दिलं असतं. बोलणी सीझनच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत उरका. जूननंतर त्यांना घाई राहणार नाही. व्यवहार एस्क्रोतून करा, म्हणजे नाव हस्तांतरित होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात, किंवा दोघांचं खातं एकाच रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) असेल तर तिथल्या तिथे नाव त्यांच्या खात्यात ढकलता येतं. काहीही असो, पैसे जमा झाल्याची खात्री केल्याशिवाय ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा पासवर्ड, देऊ नका.