नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन: मार्कडाउन की रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट?

मार्कडाउन आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुरातच खुणा टाकून मथळे, दुवे, कोड दाखवायच्या दोन पद्धती. नवी भाषा, दोन-तीन माणसांची टीम असेल तर मार्कडाउन घ्या, पण कॉमनमार्क या त्याच्या ठरलेल्या नियमावलीप्रमाणेच. नाहीतर एकच फाइल दोन साधनांत दोन तऱ्हेची दिसते.

मार्कडाउनची खरी उणीव म्हणजे फंक्शनच्या नावावरून दुवा जोडायची सोय त्यात मुळातच नाही. पायथनने २००८ मध्ये, २.६ आवृत्तीपासून, लाटेक ही जुनी मांडणी-पद्धत सोडून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि त्यातून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं स्फिंक्स हे साधन घेतलं, त्यात ही सोय भक्कम आहे. मात्र शिकायला ते जड जातं: कोडला दोन्हीकडे दोन-दोन बॅकटिक (` ही खूण) लागतात, एकच दिला तर मजकूर नुसता तिरपा होतो. शिवाय स्फिंक्सचा निटपिकी (nitpicky) हा कडक तपासणीचा पर्याय चालू केला नाही, तर सापडत नसलेल्या फंक्शनचे बरेच दुवे मुकाट्याने साध्या मजकुरात बदलतात. तो चालू कराच.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने मार्कडाउन ठेवून ही उणीव कंपायलरच्या बाजूने भरली. १.४८ आवृत्तीपासून (२०२०) चौकटी कंसात नुसतं नाव लिहिलं की रस्टडॉक हे रस्टचं डॉक्युमेंटेशन-साधन दुवा शोधतं, न सापडल्यास वॉर्निंग देतं. मला हाच मार्ग सर्वात पटतो. तिथे उदाहरणंही टेस्टबरोबर चालवली जातात, त्यामुळे भाषा बदलली की जुनं उदाहरण लगेच पकडलं जातं. एक खाच आहे: भाषेचं नाव न लिहिलेला कोड ब्लॉक, किंवा चार स्पेस आत सरकलेला परिच्छेद, रस्टडॉक रस्टचा कोड समजून कंपाइल करायला जातं. नुसत्या आउटपुटच्या ब्लॉकला ‘टेक्स्ट’ (text) ही खूण द्या.