तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला कागद

घर घेताना, विकताना, वारशाने मिळताना पडलेले प्रश्न तुम्ही पाठवता. त्यातल्या चार पत्रांची उत्तरं या अंकात देते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसलं पत्र मला दर महिन्याला येतं.

प्रश्न : वकीलताई, वडिलांनी 1991 साली पगारातून कर्ज फेडत कोथरूडला फ्लॅट घेतला. दिवाळीनंतर ते गेले. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर आता त्याचं नाव लागलंय. तो म्हणतो, "घर माझ्या नावावर झालंच आहे, तू हक्कसोडपत्रावर सही करून टाक, फॉर्मॅलिटी आहे." आई आणि आजी (वडिलांची आई) त्याच्याकडेच राहतात. माझं लग्न 1999 मध्ये झालं. मला काही हिस्सा आहे का? (सातारा)

उत्तर : आहे, ताई. चौथा हिस्सा. घर खरंच दादाच्या नावावर झालं असतं तर त्याला तुमची सही कशाला लागली असती?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीनं व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच त्यातून ठरतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे अध्यक्ष-सचिवांच्या सह्यांनी नाव चढलं म्हणून वारसांचा हक्क जात नाही.

लग्नाची तारीखही मनातून काढून टाका. मुलींना हक्क 2005 च्या कायदेदुरुस्तीनंतर मिळाला असं अनेकजणी लिहितात. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंच दिला आहे. त्या कायद्याप्रमाणे तुमच्या घरात वारस चार : आई, दादा, तुम्ही आणि आजी. हो, आजीसुद्धा. मृताची आई पहिल्या वर्गातली वारस असते, आणि हे बहुतेक घरांत कुणाला माहीतच नसतं. उद्या आजी मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांच्या चौथाईत तुमचे काका-आत्याही वाटेकरी होतील. म्हणून जे ठरवायचं ते आजींना विचारून, त्या आहेत तोवर ठरवा.

आता सहीबद्दल. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावानं रिक्षा बोलावून त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं. कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा, पानापानावर सही. दस्त नऊ पानांचा, त्यांनी वाचलं होतं फक्त पहिलं पान. नक्कलही दिली नव्हती. पर्सच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी चार घड्या घातलेली नोंदणीची पावती काढून माझ्यापुढे ठेवली. त्यावरच्या दस्त क्रमांकावरून मी नक्कल काढली. आत लिहिलं होतं, "राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता." "हे परत घेता येईल का हो?" त्यांनी विचारलं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव होता हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं, त्यात वर्षं जातात. त्या बाईंचा चेहरा आठवतो, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिते आहे.

तुम्ही मसुदा आधी घरी मागवा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. हक्क सोडायचाच असेल तर कोणाच्या लाभात, ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर दादाच्या ऐवजी आईच्या लाभात सोडा, म्हणजे तिच्या हयातीत घरावर तिचा जोर राहील. पैसे घेऊन सोडणार असाल तर रक्कम दस्तात आलीच पाहिजे. आणि सोडायचा नसेल तर तसं सांगा. बहिणीनं वाटा मागितला की ती वाईट होते, हे मला कधीच पटलेलं नाही. वारस म्हणून आपला हक्क कळवणारं पत्र आजच सोसायटीला द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : कर्वेनगरला जुना फ्लॅट बघितलाय. विकणारे गृहस्थ म्हणतात, आईचा होता, आता माझा. मिळकतकराची पावती, लाइटबिल त्यांच्या नावावर आहे. दोन लाख टोकन मागतात. द्यावं का? (वारजे)

उत्तर : अजून नको. मिळकतकराच्या पावतीवर नाव म्हणजे मालकी नव्हे, महापालिका कर कोणाकडून घेते एवढंच ते सांगतं. आईंना घर कसं मिळालं ते साठेखत (विक्रीचा करार) मूळ स्वरूपात बघा. आईंच्या मागे पती, मुलं, मुली कोण कोण आहेत ते विचारा. मृत्युपत्र नसेल तर त्या सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. नोटरी केलेलं संमतीपत्र चालत नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या मागच्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून घ्या. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुम्हीही बघू शकता. हे झाल्यावर टोकन चेकनं द्या, आणि कागदात कमतरता निघाली तर पैसे परत, हे विसारपावतीत लिहून घ्या.

पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभार धरून 7 टक्के आहे, एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलंत तर 6. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही. सोसायटी हस्तांतरणासाठी 25,000 रुपयांपेक्षा जास्त अधिमूल्य (प्रीमियम) घेऊ शकत नाही, "देणगी" म्हणूनही नाही.

प्रश्न : वय 76. मृत्युपत्र स्टँपपेपरवरच लागतं का? प्रोबेट घ्यावं लागेल? (सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, साधा कागद चालतो. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्यांच्या सह्या तुमच्यासमोर. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा, ज्याला घर मिळणार त्याला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला; पुण्यातल्या घरासाठी तो सक्तीचा नाही.

प्रश्न : मिस्टर गेल्यावर फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, बक्षीसपत्र करून दे, 200 रुपयांत होतं. करू का? (बिबवेवाडी)

उत्तर : मुद्रांक 200 रुपये हे खरं, अधिभार वेगळा. पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी मुलाचं, आणि तुम्ही त्याच्या घरात राहणाऱ्या. मृत्युपत्र केलंत तर घर शेवटपर्यंत तुमचं आणि नंतर त्याचंच. मी तेच सुचवेन. बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर मुलगा तुमचा सांभाळ करील ही अट दस्तात शब्दांत लिहून घ्या. ती असेल आणि त्यानं पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार तुम्हाला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्यासाठी दाद मागता येते. मसुदा दाखवायला वकिलाकडे जाल तेव्हा मुलाला बरोबर नेऊ नका, एकट्या जा.