वयावरून मधुमेहाचा प्रकार ठरत नाही

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. तो सडपातळ आहे आणि आमच्या घरात हा आजार कोणालाच नव्हता. टाइप २ म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्ष बरे गेले. आता गोळ्या वाढवूनही साखर उतरत नाही, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली आहेत. नव्या डॉक्टरांना टाइप १ ची शंका आहे. तो तर लहान मुलांना होतो ना? की पथ्यात कसूर झाली?

उत्तर : आपण लिहिले आहे त्यात पथ्याची कसूर मला दिसत नाही आणि डॉक्टरांची शंका रास्त वाटते. टाइप १ ला पूर्वी ‘बालमधुमेह’ म्हणत. ते नाव मागे पडले, पण त्याने करून ठेवलेला गैरसमज अजून गेलेला नाही. प्रकार ठरतो तो शरीरात नेमके काय बिघडले आहे यावरून. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते, तर टाइप २ मध्ये इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही थकत जाते. हा भेद ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवून दिला होता : रुग्णांना ग्लुकोज पाजून त्याच वेळी इन्सुलिन टोचले, तेव्हा काहींची साखर आटोक्यात राहिली आणि काहींची तरीही चढत गेली.

मोठ्या वयात बीटा पेशींचा हा नाश कधीकधी फार सावकाश होतो. उरलेल्या पेशींच्या बळावर काही महिने, काही वर्षेसुद्धा गोळ्यांवर निभते आणि आजार टाइप २ सारखाच दिसतो. याला ‘लाडा’ म्हणतात. म्हणजे भावाचा प्रकार बदललेला नाही, तो आता ओळखू येतो आहे इतकेच. अर्थात शंका खरी की खोटी हे तपासणीच सांगेल. रक्तात जीएडी या बीटा पेशींतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याचा पुरावा मिळतो. सी-पेप्टाइड हा इन्सुलिन तयार होताना सुटणारा तुकडा असून टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे स्वतःचे स्वादुपिंड अजून किती काम करते हे त्यावरून समजते.

इन्सुलिन लागले म्हणजे टाइप १ असेही नाही. टाइप २ च्या अनेकांना पुढे ते घ्यावेच लागते. मात्र अहवालाची वाट पाहताना एक गोष्ट टाळू नका. वजन असेच उतरत असताना उलट्या, पोटदुखी किंवा खोल, जोराचा श्वास सुरू झाला, तर ती इन्सुलिनअभावी रक्तात आम्ले साठण्याची, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसची लक्षणे असू शकतात. पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गरोदरपणात मला मधुमेह होता. बाळंतपणानंतर साखर उतरली. आता हा विषय संपला ना?

उत्तर : नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणून गरोदरपणात साखर चढते आणि वार पडल्यावर बहुधा उतरते. पण त्या ताणाला आपले स्वादुपिंड पुरे पडले नाही हे एकदा दिसले आहे आणि अशा स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची तपासणी करून घ्यावी. ती ठीक आली तरी दर १ ते ३ वर्षांनी साखर तपासावी आणि पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल, तर त्याआधीच.