शाकाहारी घरातील पिल्लाने काय खावे?

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत राहतो. घर जैन असल्यामुळे आमच्याकडे अंडेसुद्धा येत नाही. मुलाने लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणले, त्याला आता साडेचार महिने झाले. पिल्लू राहील, पण त्याच्यासाठी मांस या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. सकाळ-संध्याकाळ थोड्या दुधात कुस्करलेली चपाती आणि दुपारी वरण-भात असे त्याचे जेवण आहे व ते आवडीने खाते. ज्यांच्याकडून पिल्लू आणले ते म्हणतात, चिकन दिले नाही तर ते जगणार नाही. शेजारी म्हणतात, आंधळे होईल. उलट नात्यातील एक गृहस्थ सांगतात की त्यांचा कुत्रा दूध-चपातीवर बारा वर्षे जगला. गेल्या आठवड्यापासून त्याचे पुढचे पाय किंचित बाहेर वळल्यासारखे दिसतात. आम्ही त्या मुक्या जिवावर अन्याय तर करत नाही ना?
— एक वाचक भगिनी

उत्तर : पत्राच्या शेवटी आपण पायांबद्दल जे लिहिले आहे, ते मी आधी घेतो. हा अंक हाती पडेपर्यंत थांबू नये म्हणून आपल्याला टपालाने वेगळे कळवले आहेच, पण इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. वाढत्या वयात पुढचे पाय फेंगडे होऊ लागले, मनगटाचा सांधा जाड वाटू लागला किंवा पिल्लू जिना चढायला कां-कूं करू लागले, तर त्याच आठवड्यात पशुवैद्याकडून तपासून घेऊन पायांचा एक्स-रे काढावा. औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून अंदाजाने मात्र पाजू नये. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना आतड्यातून शोषले जाणारे जास्तीचे कॅल्शियम रोखता येत नाही आणि कॅल्शियमच्या अतिरेकानेही त्यांची हाडे वाकडी वाढतात.

आता मूळ प्रश्न. पूर्ण वाढ झालेला, निरोगी कुत्रा विचारपूर्वक तयार केलेल्या शाकाहारी अन्नावर चांगला राहू शकतो. मात्र दूध-चपाती हे तसे अन्न नव्हे, आणि साडेचार महिन्यांच्या लॅब्रॅडॉरसाठी तर मुळीच नव्हे. चिकन देणारे आणि चपाती देणारे असे दोन पक्ष मांडून आपल्याकडे वाद होतो आणि त्यात पिल्लाच्या पोटात नेमके काय गेले, हे पाहायचे राहून जाते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड पिल्लू आणले होते. टेबलावर उभे केले की त्याचे पुढचे पंजे चपटे पसरत आणि कमरेवर हात ठेवताच ते कळवळे. एक्स-रेमध्ये हाडे इतकी फिकट होती की हाड कुठे संपते आणि मांस कुठे सुरू होते, हे बोट ठेवून दाखवणे मला अवघड गेले. मालकांना वाटत होते की कुणीतरी त्याला मारले असावे. त्या घरी पिल्लासाठी रोज अर्धा किलो बिनहाडाचे चिकन शिजत होते आणि त्याशिवाय दुसरे काहीही दिले जात नव्हते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. गव्हाच्या पिठातही तेच : कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक, जास्तीत जास्त दुप्पट, असावे लागते. ते कमी पडले की रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेते. म्हणजे मांसाहारी घरातले ते पिल्लू आणि आपले पिल्लू हे एकाच वाटेवरचे प्रवासी आहेत.

या दुखण्याला लोक सरसकट मुडदूस म्हणतात आणि पिल्लाला उन्हात बसवतात. माणसाच्या मुलाला त्याचा उपयोग होतो, कारण आपली त्वचा उन्हात ड जीवनसत्त्व बनवते. कुत्र्याच्या त्वचेला ते पुरेसे बनवता येत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. चपाती, भात, डाळ यांत ते नसते आणि दुधात अगदी थोडे असते. रंकाळ्यावर कितीही फिरवले तरी ही उणीव भरून निघणार नाही.

आंधळेपणाची जी गोष्ट आपण ऐकली, ती खरी आहे, पण मांजराची. टॉरिन नावाचे द्रव्य आहारात नसेल तर मांजराचा डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. कुत्रा मात्र मिथिओनिन आणि सिस्टीन या प्रथिनांतील घटकांपासून टॉरिन स्वतः तयार करतो. गाजरातील द्रव्यापासून अ जीवनसत्त्वही त्याला बनवता येते, मांजराला येत नाही. पिष्टमय अन्न पचवण्याच्या बाबतीतही कुत्रा लांडग्यापासून बराच दूर आला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. हजारो वर्षे माणसाच्या चुलीजवळ बसल्याची ही खूण आहे. आपल्याकडच्या धनगरांची कुत्री ताकात भिजवलेल्या भाकरीवर दिवसभर मेंढरांमागे पळतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. अर्थात ती रानात घूस, ससा, पडलेले मेंढरू असे काहीबाही खातात, हेही पाहिले आहे. बारा वर्षे जगलेल्या आपल्या नातेवाइकांच्या कुत्र्याबद्दल मला तोच संशय आहे. तो मोकळा फिरत असेल तर त्याचे निम्मे जेवण घरच्यांना माहीतच नसणार. शिवाय जे पिल्लू जगले नाही, त्याची गोष्ट कुणी पाहुण्यांना सांगत नाही.

परीक्षेला उतरलेले पुरावेही आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बर्फावर गाडी ओढण्याच्या शर्यतीत धावणाऱ्या बारा हस्की कुत्र्यांपैकी काहींना सोळा आठवडे मांसाऐवजी सोयाबीन व मक्याची प्रथिने असलेले अन्न दिले गेले आणि एवढ्या कष्टातही त्यांचे रक्त कमी झाले नाही. अमेरिकेतील पंधरा कुत्र्यांना वर्षभर पूर्णतः वनस्पतिजन्य तयार खाद्य देऊन रक्त, हृदय आणि जीवनसत्त्वे तपासल्याचा अभ्यास २०२४ साली आला. त्यांचीही प्रकृती उत्तम राहिली. मात्र हे कुत्रे वाढ झालेले होते, संख्येने थोडे होते आणि त्यांचे अन्न तज्ज्ञांनी घटक मोजून बनवलेले होते. आपल्या साडेचार महिन्यांच्या पिल्लाला यातले काहीच लागू होत नाही, म्हणून माझे मत थोडे कडक आहे : पहिले वर्ष-सव्वा वर्ष घरी रांधलेल्या शाकाहारावर प्रयोग करू नये.

मग करावे काय? बाजारात तयार शाकाहारी श्वानखाद्य मिळते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून थांबू नका. ते ‘संपूर्ण व संतुलित’ आहे असे लिहिलेले असावे आणि मुख्य म्हणजे ते वाढीच्या वयासाठी, तेही मोठ्या जातीच्या पिल्लासाठी, असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. प्रौढ कुत्र्याचे खाद्य पिल्लाला घालणे ही मी वरचेवर पाहतो ती चूक आहे. अमेरिकेतील आफ्को या संस्थेच्या मानकानुसार पाण्याचा अंश वगळता प्रौढ कुत्र्याच्या अन्नात किमान १८ टक्के आणि पिल्लाच्या अन्नात २२.५ टक्के प्रथिने लागतात. वाढीच्या वयाचे शाकाहारी खाद्य मिळालेच नाही, तर पशुपोषण जाणणाऱ्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्यावी आणि ती औषधाच्या चिठ्ठीसारखी पाळावी. जुन्यावरून नव्या अन्नावर जाताना सात ते दहा दिवस घ्यावेत, नाहीतर हगवण लागते.

आपल्या स्वयंपाकघरात वाया जाणारे काही नाही. वरण-भाताची जोडी चांगलीच आहे, कारण डाळीत मिथिओनिन कमी तर तांदळात लायसिन कमी, आणि दोघे एकमेकांची उणीव भरतात. पुढे तो मोठा झाल्यावर त्यात पनीर, दही, शिजवलेले सोयाबीन यांची भर घालता येईल. नुसत्या दुधापेक्षा दही बरे, कारण वाढत्या वयात पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचेनाशी होते. तरीही ड जीवनसत्त्व, जस्त, आयोडीन आणि मेंदू-डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ आम्ले वेगळी द्यावी लागतील. धान्य-डाळींतील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती आणि पंजांवर खपल्या धरू लागल्या तर पहिला संशय तोच घ्यावा. ओमेगा-३ आम्ले माशाच्या तेलाऐवजी शेवाळापासूनही मिळतात. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनते. सासूबाईंना ते चालते का, हे आधी विचारून घ्यावे. न चालल्यास ड-२ आहे.

एका बाबतीत आपले घर कुत्र्यासाठी इतर अनेक घरांपेक्षा सुरक्षित आहे : आपल्याकडे कांदा-लसूण नाही. मात्र बेदाणे जपा. तासगाव जवळ असल्यामुळे आपल्याकडे ते डब्यात भरलेले असतात आणि मुले प्रेमाने एखादी मूठ भरवतात. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही.

दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहा. वर्षाचा झाला की सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासून घ्या, कारण वनस्पतिजन्य अन्नाने लघवी अल्कधर्मी होण्याकडे झुकते आणि संसर्ग झाल्यास खडे धरतात. दमायला लागला, खोकू लागला तर हृदयाची सोनोग्राफी करावी. वाटाणा-मसूर यांवर भर असलेले, धान्य नसलेले खाद्य आणि हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा आजार यांचा संबंध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ पासून तपासला. कारण निश्चित झाले नाही, पण गाफील राहू नये.

अन्यायाबद्दल आपण विचारले आहे. सासूबाईंचा नियम पाळूनही हे पिल्लू धडधाकट वाढू शकते. मात्र योग्य खाद्यावर ठेवूनही सहा-आठ आठवड्यांत हाडे भरत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्या दिवशी सासूबाईंना सोबत घेऊन दवाखान्यात या आणि दोन्ही एक्स-रे त्यांना शेजारी-शेजारी दाखवा. जिवाची दया म्हणूनच त्यांनी तो नियम केला आहे, तेव्हा त्या नीट पाहतील.

प्रश्न : आमचे घर तालमीतले. आमच्या कुत्र्याला घरचाच तांबडा रस्सा-भात आणि मटणाची हाडके मिळतात. शाकाहाराचा प्रश्नच नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही ना?
— गंगावेशीतील वाचक

उत्तर : आहे. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि शिजवल्याने त्याचा हा गुण जात नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी गेला तरी विषबाधा होते, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला शंभर ग्रॅम, आणि आपला मसाला तर कांदा-लसणाचाच असतो. हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली तर तातडीने दवाखाना गाठावा. शिजलेल्या हाडाच्या चिपा होतात व त्या आतडे फाडतात. मटण मसाल्याशिवाय वेगळे उकडून, हाड काढून, मोजून द्यावे आणि केवळ त्यावर ठेवू नये. का, ते वरच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : आमच्या मांजरीलाही आम्ही दूध-भातावर ठेवले आहे. ते चालेल का?
— राजारामपुरीतील वाचक

उत्तर : नाही. मांजराला टॉरिन, अ जीवनसत्त्व आणि ॲराकिडॉनिक आम्ल ही तिन्ही आयती लागतात आणि ती दूध-भातात पुरेशी नसतात. टॉरिनअभावी मांजराचे हृदयही सैल पडते, हे १९८७ साली कळले. ते वेळीच पुन्हा दिले तर हृदय बहुधा सावरते, डोळा सावरत नाही. आपली मांजर उंदीर धरत असेल तर तेवढ्याने आजवर निभावले असेल, पण आता तिला मांजरांसाठीचे संपूर्ण खाद्य आजपासूनच सुरू करावे आणि या महिन्यात डोळे तपासून घ्यावेत.