पुलाच्या मधोमध पडलेलं प्रेत कुणाच्या हद्दीतलं?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून टाकल्या होत्या, की बेळगावात पावसाची झड लागलीय, लाईट जाते येते आणि मी आपला डेन्मार्क-स्वीडनच्या खुनाच्या कादंबऱ्या वाचत बसलोय, ज्यात दोन पोलीस असतात आणि त्यांचं एकमेकांशी काडीचं जमत नाही. बस्स, एवढ्यावर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ढीग. त्याआधी बेळगावच्या गोड मांड्यांवर पानभर लिहिलं होतं तेव्हा तीन पत्रं आली होती. असो, खुनाला गिऱ्हाईक जास्त.

सर, सिरीज बघून पुस्तक वाचावंसं वाटलं म्हणून ऑनलाइन दोन मागवली, ‘मर्सी’ आणि ‘द कीपर ऑफ लॉस्ट कॉजेस’. उघडून बघते तर दोन्हीत तीच गोष्ट! मला फसवलं का?
(कॉलेज विद्यार्थिनी, खानापूर)

फसवलं कुणी नाही पण पैसे गेले हे खरं. पुस्तक एकच आहे. युसी अ‍ॅडलर-ओल्सन या डॅनिश लेखकाची २००७ ची कादंबरी, मूळ नावाचा अर्थ ‘पिंजऱ्यातली बाई’. इंग्रजीत आणताना ब्रिटनमध्ये एक नाव दिलं, अमेरिकेत दुसरं, आणि आपल्याकडं दोन्हीकडचा माल येतो. या मालिकेतल्या बऱ्याच पुस्तकांचं असंच आहे, त्यानं एकट्यानं लिहिलेली दहा आहेत, दहावं २०२३ चं, तेव्हा पुढचं मागवायच्या आधी आतल्या कॉपीराइटच्या पानावर बारीक अक्षरात मूळ नाव असतं ते बघून घ्या. तुमची दुसरी प्रत कॉलेजच्या लायब्ररीला द्या. नाहीतर मला पाठवा, माझी प्रत पावसात भिजून फुगलीय.

तुम्ही बघितलेली सिरीज म्हणजे ‘डिपार्टमेंट क्यू’, २०२५ ची, ती एडिंबरात नेलीय, पुस्तक कोपनहेगनमध्ये घडतं आणि सिरीजमधला अक्रम म्हणजे पुस्तकातला असाद. कार्ल म्योर्क हा चांगला डिटेक्टिव्ह, पण एका गोळीबारात एक सहकारी गेला, दुसरा अंथरुणाला खिळला, हा वाचला आणि तेव्हापासून ऑफिसात कुणाला नको झालाय. मग वरचे साहेब काय करतात, जुन्या न सुटलेल्या केसेसचं नवीन डिपार्टमेंट काढून त्याला तळघरात बसवतात. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हा प्रकार लगेच ओळखू येईल, माणूस काढता येत नाही म्हणून सायडिंगला टाकायचा, वर त्याला प्रमोशन म्हणायचं. कार्ललाही तेच पाहिजे असतं, पाय टेबलावर टाकून दिवस ढकलायचा. फक्त त्याला एक दिवस कळतं की आपल्या डिपार्टमेंटच्या नावानं आलेला पैसा वरच्या मजल्यावर जिरायलाय, मग तो साहेबाला कोपऱ्यात घेऊन एक गाडी आणि एक हाताखालचा माणूस मागून घेतो.

तो माणूस असाद. झाडलोट, कॉफी, गाडी यासाठी आलेला. नाव विचारलं तर सांगतो हाफेझ अल-असाद, म्हणजे सीरियाच्या जुन्या राष्ट्राध्यक्षाचंच! आपल्या ठाण्यात नवीन शिपाई येऊन स्वतःचं नाव कुठल्यातरी माजी पंतप्रधानाचं सांगायला लागला तर जसं होईल तसं. आणि हाच पोछा मारता मारता फायली वाचतो आणि विचारतो, ही बाई बोटीवरून गायब झाली तर तिला कुणी शोधलं का नाही? आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या गोष्टीत धनंजयनं डोकं चालवायचं आणि छोटूनं पळापळ करायची, इथं छोटूच फाईल उघडून धनंजयला खुर्चीतनं उठवतो. मला कादंबरी आवडली ती इथंच.

मुलानं ‘द ब्रिज’ लावून दिलं. दोन देशांमधल्या पुलावर बरोबर हद्दीच्या रेषेवर प्रेत. असं कुठं असतंय काय? आमच्या वेळी हद्दीवर मयत सापडलं की दोन्हीकडचे लोक आधी टेप काढायचे आणि मयत पलीकडच्यांचं कसं ते सिद्ध करायचे. तुम्ही ते पुस्तक वाचलंय का?
(पोलीस खात्यातून निवृत्त, निपाणी)

काका, पुस्तक नाही ते, मुळातच टीव्हीसाठी लिहिलेली मालिका आहे, २०११ ची. पण पत्र असलं फक्कड आहे की उत्तर द्यायलाच पाहिजे, आणि कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्याजवळ राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही तर कुणाला पडणार.

पूल खरा आहे. स्वीडनचं माल्मो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन यांच्या मधल्या समुद्रावर, २००० साली सुरू झाला, साधारण आठ किलोमीटर, मग मध्येच एक मुद्दाम तयार केलेलं बेट आणि तिथून पुढं रस्ता सरळ पाण्याखालच्या बोगद्यात जातो. मालिकेत त्या पुलावर रेषेवर प्रेत, आणि उचलायला गेलं तर ते दोन वेगवेगळ्या बायकांचं निघतं, वरचं अर्धं स्वीडनच्या राजकारणी बाईचं, खालचं अर्धं डेन्मार्कच्या एका वेश्येचं. म्हणजे टेप काढून उपयोगच नाही, दोघांचीही केस! खुन्यानं तुमच्या वेळच्या लोकांना ओळखूनच हे केलेलं दिसतंय.

स्वीडनकडून सागा नोरेन, डेन्मार्ककडून मार्टिन रोडे. पहिल्याच रात्री एक अ‍ॅम्ब्युलन्स येते, आत हार्टचा पेशंट, ऑपरेशनला न्यायचाय. सागा म्हणते पुरावा खराब होईल, गाडी सोडायची नाही. मार्टिन म्हणतो अगं माणूस मरेल, आणि सोडून देतो. दुसरा कुणी असता तर चार शिव्या देऊन गप बसला असता, ही बाई शांतपणे त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करते. आणि मग त्याच माणसाबरोबर काम करायला लागते, मनात काही न ठेवता, कारण तिच्या हिशोबानं तक्रार म्हणजे फक्त नियम, त्यात राग कसला? मार्टिनला राग येतो आणि त्याला राग का आला हे तिला कळत नाही, सगळी मालिका यावर उभी आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, १७८ कलमातच लिहिलेलं होतं की गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत झाला ते कळत नसेल तर त्यातल्या कुठल्याही हद्दीतल्या कोर्टात चालतो. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला त्यात तर कुठंही घडलेल्या गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय स्पष्टच केलीय, झिरो एफआयआर म्हणतात ते. म्हणजे कागदावर टेपची गरज संपली. प्रत्यक्षातलं तुम्हीच सांगा.

पण काका, मालिका इंग्रजी सबटायटलवर बघताना एक मजा हातातनं निसटते. सागा स्वीडिश बोलते, मार्टिन डॅनिश, दोघंही आपापल्या भाषेत, आणि तसंच काम चालतं. खाली सबटायटल एकच इंग्रजी, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं एकच भाषा चाललीय. त्या दोन भाषा बहिणी-बहिणी आहेत पण आकडा आला की स्वीडनचा माणूस गडबडतो. डॅनिशमध्ये पन्नासला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ होतो अडीच वेळा वीस. सत्तर म्हणजे साडेतीन वेळा वीस, नव्वद म्हणजे साडेचार. स्वीडिशमध्ये सरळ पाच दहा. हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो, अहो आमची आजी नारळ असेच मोजायची, अडीच विसा म्हणजे पन्नास! जे स्वीडनच्या माणसाला अवघड जातंय ते बेळगुंदीच्या म्हातारीला पटकन कळलं असतं. आणि रविवार पेठेत व्यापारी कन्नडमध्ये ‘ऐवत्तु’, म्हणजे पन्नास, म्हणतो, आपण मराठीत ‘चाळीसला द्या की’ म्हणतो, तो कन्नडमध्ये नाही म्हणतो, आपण मराठीत चिडतो आणि पिशवी घेऊन घरी येतो, यात आपण दोन भाषा वापरल्या हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ती मालिका लिहिणाऱ्यांना यासाठी पूल लागला. आपल्याकडं भाजीवर भागतंय.

ही पुस्तकं मराठीत आणायची तर असादनं साहेबाला ‘अहो’ म्हणायचं का ‘अरे’? इंग्रजीत ‘यू’ म्हणून सुटका होते.
(निवृत्त शिक्षिका, शहापूर)

बाई, अवघड ठिकाणी बोट ठेवलंत. तिकडं साहेबालाही नावानंच हाक मारतात आणि ‘तू’च म्हणतात, पण हे पूर्वापार नाही. स्वीडनमध्ये साठीच्या दशकापर्यंत समोरच्याला हुद्द्यानं बोलवायचे, ‘डायरेक्टरसाहेब कॉफी घेणार का’ असं त्यांच्याच तोंडावर. १९६७ साली ब्रोर रेक्सेड नावाच्या बड्या आरोग्य अधिकाऱ्यानं ऑफिसात जाहीर केलं की मी सगळ्यांना ‘तू’ म्हणणार, तुम्हीही म्हणा. तसं तोवर वारं फिरलंच होतं, पण नाव त्याचं झालं.

आता मराठीत असाद ‘अरे कार्ल’ म्हणाला तर तो उर्मट वाटतो, ‘अहो साहेब’ म्हणाला तर गडी वाटतो. तो दोन्ही नाही. माझं मत, नाव कार्लच ठेवावं आणि क्रियापद आदराचं, ‘कार्ल, तुम्ही ही फाईल बघितली का?’ कानाला जरा खटकेल, पण असादची भाषाही तिकडच्या लोकांना जरा खटकतेच, परक्या भाषेत म्हणी वापरायला जातो आणि मध्येच उंट घुसवतो. बेळगावी आवृत्ती काढायची तर प्रश्नच मिटला, वाक्याच्या शेवटी कन्नडमधलं आदराचं ‘री’ लावायचं. ‘होय री कार्ल.’ पुण्याच्या संपादकाचं काय होईल ते होवो.

सुखी देश म्हणतात आणि इतके खून? मला रक्त वाचवत नाही, पण पुस्तक तर वाचायचंय.
(एक आजी, टिळकवाडी)

आजी, सगळ्या डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे, आणि २०११ च्या जनगणनेत आपला बेळगाव जिल्हाच ४७ लाख ७९ हजारांचा होता. जिल्ह्याएवढ्या देशात खरोखरच एवढे खून पडले असते तर लेखकसुद्धा उरले नसते. तुम्ही मै शोवाल आणि पेर वालो यांच्यापासून सुरू करा, स्वीडनचं जोडपं, १९६५ ते १९७५ मध्ये बरोबर दहा कादंबऱ्या. मुलं झोपली की रात्री बसायचे, एक प्रकरण यानं एक तिनं. सुखी म्हणवणाऱ्या देशात कुठं काय कुजलंय ते त्यांना दाखवायचं होतं, खून हे निमित्त. रक्त कमी, पोलिसांचा सर्दी-खोकला आणि वाट बघणं जास्त.

मी अशी जोडी लिहायलोय. बेळगावचा मराठी पीएसआय आणि विजापूरकडून बदलून आलेली कन्नड महिला कॉन्स्टेबल. जमेल का?
(तरुण वाचक, उचगाव)

जमेल की, पण तीन-चार गोष्टी बघ. पहिलं म्हणजे तिला विनोदी करू नकोस आणि त्याला हिरो करू नकोस, आणि उलटंही नको. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तुझ्या पीएसआयनं तिसऱ्या प्रकरणात सोडवायची गरज नाही.

दुसरं, भांडणं लिहून जोडी उभी राहत नाही. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, असं काहीतरी पानावर पाहिजे. समज, शिनोळीच्या रस्त्याला एक शेतकरी मेलेला सापडला, गाडी एमएच ०९, खिशात कन्नड पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. पीएसआयला मयत कुठल्या भजनी मंडळातला, भाऊ कोण, वहिनीशी बोलणं कधीपासून बंद ते सगळं माहिती, त्यामुळं तो पहाणीकडं बघतच नाही, गावकीचं भांडण म्हणून मोकळा होतो. ती परकी, तिला गावातलं काही ठाऊक नाही म्हणून ती कागद शेवटपर्यंत वाचते आणि पिकाच्या रकान्यात ऊस लिहिलंय, शेतात तर काजू उभी आहे, हे विचारते. आणि मग तिला जे माहिती नाही ते त्याला माहिती असतं, पलीकडं चंदगड हद्दीत त्याच मयताची अजून एक जमीन आहे, तिचा सातबारा वेगळा, मराठीत. दोन राज्यांचे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय खून सुटत नाही. घे, फुकट दिलं.

भाषेत कंजूषी करू नकोस. पंचनामा दोघांचा एकच, ठाणं एकच, पण तू तपास म्हणशील तिथं ती ‘तनिखे’ म्हणणार. कन्नड वाक्यं देवनागरीत तशीच टाक, लगेच खाली मराठी अर्थ देत बसू नकोस, आपल्या वाचकाला कळतंय. नाही कळलं तर शेजारणीला विचारेल. पहिली दोन प्रकरणं पाठव, टाईप करून, मागच्या वेळी कुणीतरी पेन्सिलीनं लिहून पाठवलं होतं आणि माझा चष्म्याचा नंबर वाढला.

‘पिंजऱ्यातली बाई’ मी निम्मं वाचलं होतं आणि मिस्टरांनी जेवताना शेवट सांगून टाकला. आता वाचू का नको?
(गृहिणी, वडगाव)

वाचा. ती बाई कोंडलेली आहे हे वाचकाला सुरुवातीपासूनच माहिती असतं, एक प्रकरण कार्ल आणि असादचं, एक तिचं, जीव टांगणीला लागतो तो हे दोघं वेळेत पोचतात का यावर. आणि मालिकेतली पुढची पुस्तकं मिस्टरांच्या आधी तुम्ही वाचा, जेवायला वाढताना.