गोळी तीच, रक्तातलं प्रमाण वेगळं

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सात वर्षं लिथियम घेतो, मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं औषध. आजार आटोक्यात आहे, कामाला जातो. तरी दर तीन महिन्यांनी डिचोलीहून बांबोळीला रक्त द्यायला जायचं, एक रजा जाते. आई म्हणते, बरा आहे तर सुई कशाला? यंदा त्याला शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त, म्हणून व्रत धरायचंय. धरू द्यावं का?
– एक बहीण, डिचोली

उत्तर : ताई, आईंना सांगा, ही सुई आजार शोधायला नाही, औषध मोजायला आहे. लिथियम हा क्षार. घाम, जुलाब किंवा अळणी खाण्यानं अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि त्यासोबत लिथियमही. मग रोजचीच गोळी जास्त होते. बहुतेकांना रक्तात ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) एवढं प्रमाण पुरतं; १.५ च्या वर विषबाधेची भीती. अंतर एवढंच आहे. गुडघ्यांसाठी दुकानातून आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी आणून आठवडाभर घेतलेल्या एक बाई भिंत धरून माझ्या खोलीत आल्या होत्या, जीभ जड झालेली. त्या गोळीनंही लिथियम चढतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. सकाळची असेल तर रक्त दिल्यावर. लिथियमसाठी उपाशी जायची गरज नाही. इतकी वर्षं प्रमाण स्थिर असेल, तर सहा महिन्यांनी तपासलं तर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम मात्र सहा महिन्यांनी बघायचंच.

व्रताला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पण जत्रा वैशाखात, ऐन उकाड्यात. आधी डॉक्टरांशी बोला, रक्त तपासून घ्या. निर्जळी नको, मीठ सोडणं नको. पेजेत नेहमीएवढं मीठ असू दे. गोळी स्वतःहून बंद करू नये. मात्र उलट्या-जुलाब, हातांची जोरात थरथर, अडखळतं बोलणं, तोल जाणं यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता थेट इस्पितळात न्या. व्रतात तो घरी नसेल, तेव्हा सोबतच्या एखाद्या जाणत्या धोंडाला हे सगळं आधीच सांगून ठेवा.