वाचकांचे प्रश्न: हाच का थुंकणारा कोळी?

प्रश्न: रात्री भिंतीवर पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा एक छोटा कोळी संथपणे चालताना दिसतो. पाय लांब, बारीक. हा थुंकणारा कोळी असेल का? लहान मुलं असलेल्या घरात राहू द्यावा का?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून तसाच वाटतो, पण केवळ ठिपक्यांवर विसंबू नका. त्याला बाजूने पाहा. डोकं आणि छाती मिळून झालेला पुढचा भाग मागे उंच होत जातो, घुमटासारखा, आणि आकाराने जवळजवळ पोटाएवढा भरतो. या घुमटात मोठ्या ग्रंथी असतात. त्यांत विष आणि चिकट द्रव दोन्ही तयार होतं. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती भिंगाशिवायही दिसते.

भिंग असेल तर डोळे मोजा. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, याला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. मात्र विषारी तपकिरी कोळ्यालाही, म्हणजे लोक्सोसेलिसलाही, अशाच तीन जोड्या असतात. त्याची पाठ चपटी असते आणि अंगावर असे ठिपके नसतात. म्हणून घुमट आधी, डोळे नंतर.

छताच्या कोपऱ्यात जाळ्यात उलटा लटकणारा लांब पायांचा कोळी वेगळा. दोन्हींच्या माद्या अंडी तोंडात धरून फिरतात, तेव्हा त्यावरून ओळख पटवू नका.

शिकारीची पद्धत पाहायला मिळाली तर शंकाच उरत नाही. हा जाळ्यावर विसंबत नाही. पुढच्या लांब पायांनी चाचपत सावजाच्या एक-दोन सेंटिमीटर जवळ येतो, थबकतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही विषदंतांतून चिकट धागे फेकतो. त्या क्षणी दंत वेगाने हलतात, म्हणून धागे नागमोडी पडतात आणि सावज जागीच खिळतं. मग तो चावतो. भिंतीवर तिरका उजेड टाकलात तर अशा नागमोडी रेषा सापडू शकतात. नक्की शोधा, फार सुंदर असतात.

मुलांना त्याच्यापासून धोका नाही. शरीर जेमतेम चार-सहा मिलिमीटरचं, आणि थुंकी लहान किड्यांसाठी. कृपया झाडूने मारू नका. नकोसाच वाटला तर पेल्याखाली घ्या, खालून कागद सरकवा आणि अडगळीच्या कोपऱ्यात सोडा. फोटो काढणार असाल तर एक बाजूने, एक समोरून काढा. वरून काढलेल्या फोटोत घुमट कळत नाही.